विश्लेषण : हाड सरळ केलेला गुडघा पुन्हा बदलता येतो का? डॉ. जॉन चार्नली यांची गोष्ट

पाचगणीचे बेल-एअर रुग्णालय डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये सुरू केले ते क्षयरुग्णांसाठी. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. स्वच्छ थंड हवा, ऊन, सकस जेवण आणि महिनोन्‌महिने विश्रांती, एवढाच उपचार होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली आणि जगभरात अशा आरोग्यधामांतील खाटा रिकाम्या होऊ लागल्या. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन रुग्णालयाचेही तेच झाले. 1933 मध्ये क्षयरोगासाठी उघडलेल्या या रुग्णालयात हाडांचा आणि सांध्यांचा क्षय झालेले रुग्ण वर्षानुवर्षे पडून असत. ते कमी झाल्यावर मोकळ्या झालेल्या वॉर्डांत एका हट्टी सर्जनने आपले दुकान थाटले. आज साताऱ्यात, कराडला किंवा मिरजेत गुडघा बदलण्याच्या ज्या शस्त्रक्रिया होतात, त्यात वापरले जाणारे सिमेंट आणि प्लॅस्टिक या वॉर्डांतूनच जगभर गेले.

या सर्जनचे नाव डॉ. जॉन चार्नली. खुब्याचा सांधा बदलण्याची खात्रीची पद्धत देणारे म्हणून ते ओळखले जातात. मात्र त्यांचे नाव आधी झाले ते गुडघ्यामुळे, आणि तेही गुडघा कायमचा जखडून टाकण्याच्या शस्त्रक्रियेमुळे.

त्यांची गोष्ट आता आठवण्याचे कारण आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी, चाळिशी-पंचेचाळिशीत गुडघ्याखालचे हाड कापून पाय सरळ करून घेतलेले अनेक जण आता साठीत आले आहेत. त्यांचा गुडघा पुन्हा दुखू लागला आहे आणि डॉक्टर आता सांधाच बदलू, असे सांगत आहेत. मग आधीची शस्त्रक्रिया वाया गेली का? एकदा कापलेल्या हाडावर नवा सांधा बसेल का? पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसरी करावी लागणे, ही वेळ स्वतः चार्नलींवर आणि त्यांच्या शेकडो रुग्णांवर आली होती.

औषधविक्रेत्याचा मुलगा

चार्नलींचा जन्म 29 ऑगस्ट 1911 रोजी मँचेस्टरजवळच्या बरी या गावात झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. सूतगिरण्या आणि यंत्रशाळांचा हा पट्टा. मँचेस्टर विद्यापीठातून ते 1935 मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, पंचविशीत, सर्जनची फेलोशिप मिळवली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते लष्करी वैद्यकीय दलात गेले. इजिप्तमध्ये असताना त्यांच्या हाताशी लष्कराची कार्यशाळा आली. जखमी सैनिकांसाठी आधारपट्ट्या आणि शस्त्रक्रियेची अवजारे ते स्वतः आखून तिथे बनवून घेऊ लागले. लेथ, ड्रिल आणि धातूचे तुकडे यांची संगत तेव्हापासूनची. पुढे त्यांनी घरातही लेथ बसवला.

युद्धानंतर 1946 च्या सुमारास ते ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात होते. एका जागचे हाड काढून दुसरीकडे लावले तर ते कसे जगते, हा प्रश्न त्यांना पडला होता. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याला गळ घालून स्वतःच्या नडगीवरच शस्त्रक्रिया करून घेतली. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाडापर्यंत पोहोचला आणि त्यांना पुन्हा उपचार घ्यावे लागले. सहकारी सर्जन मंडळींना हा वेडेपणा वाटला. तसा तो होताच. पण हाडातला संसर्ग म्हणजे काय हे त्यांना अंगावर भोगून कळले, आणि पुढच्या आयुष्यात संसर्गाचा त्यांनी जो धसका घेतला त्यामागे हा अनुभव नसेल असे मानणे कठीण आहे.

गुडघा जखडणारी शस्त्रक्रिया

1940 च्या दशकात झिजलेल्या किंवा क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यावर खात्रीचा इलाज एकच होता. मांडीचे हाड आणि नडगी यांची टोके कापून एकमेकांना जोडायची आणि सांधा संपवायचा. मात्र ती हाडे जुळायला कित्येक महिने लागत, काही वेळा ती जुळतच नसत. तोवर रुग्ण प्लास्टरमध्ये.

चार्नलींनी याकडे कारागिराच्या नजरेने पाहिले. सुतार दोन फळ्या चिकटवताना त्या शिकंजात घट्ट आवळतो, तसे हाडांच्या कापलेल्या टोकांना सतत दाबात ठेवले तर ती लवकर जुळतील, असा त्यांचा अंदाज होता. दोन्ही हाडांतून आडव्या सळ्या घालून बाहेरून स्क्रूने आवळायचा सापळा त्यांनी तयार केला. 1948 मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि 1953 मध्ये पुस्तक. सापळा साधारण चार आठवडे ठेवायचा, मग काही आठवडे प्लास्टर. इतक्या कमी वेळात गुडघा पक्का होतो हे पाहून इतर सर्जन ही पद्धत वापरू लागले.

दुखणे जायचे, पण गुडघाही जायचा. पाय काठीसारखा ताठ. एसटीच्या सीटवर बसताना पाय मधल्या वाटेत काढून ठेवावा लागणार, जमिनीवर जेवायला बसणे कायमचे बंद. इंग्लंडमध्ये खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्या माणसालाही हे जड जात असे. वेदना आणि हालचाल यांतले एकच मिळेल, हा व्यवहार चार्नलींनाही मान्य नव्हता.

हाड कापून भार हलवायचा

याच काळात काही सर्जन तिसरा मार्ग शोधत होते. आपल्याकडे उतारवयात अनेकांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. अशा पायात शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर एकवटतो. तिथली कूर्चा झिजते, झीज झाली की पाय आणखी वाकतो आणि भार आणखी आत सरकतो. चाकांची अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर एकाच कडेने झिजतो, तसेच हे. टायर बदलण्याआधी अलाइनमेंट करून पाहावी, हा या शस्त्रक्रियेचा विचार.

ब्रिटनमधील जॅक्सन आणि वॉ या सर्जनांनी 1961 मध्ये अशा शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. नडगी गुडघ्याच्या जरा खाली कापायची आणि तिचा कोन बदलून भार बाहेरच्या, न झिजलेल्या बाजूवर न्यायचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी 1965 मध्ये तिला नेमके रूप दिले. हाडाचा पाचरीसारखा तुकडा बाहेरच्या बाजूने काढायचा, फट मिटवायची आणि पिनेने धरून ठेवायची. आता बहुतेक ठिकाणी उलटे करतात. आतल्या बाजूने चीर देऊन फट उघडतात आणि प्लेट व स्क्रूने ती धरून ठेवतात. डॉक्टर मंडळी हिला ‘हाय टिबियल ऑस्टिओटॉमी’ किंवा नुसते ‘एचटीओ’ म्हणतात.

एचटीओ कायमची टिकेल असे कोणी म्हटलेले नव्हते. कॉव्हेंट्रींनी 1993 मध्ये स्वतःच्याच 87 शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. पाच वर्षांनी सुमारे 87 टक्के आणि दहा वर्षांनी सुमारे 66 टक्के गुडघे समाधानकारक होते. वजन जास्त असेल आणि कोन पुरेसा सुधारला नसेल, तर निकाल बराच वाईट. म्हणजे पंचेचाळिशीत हाड सरळ करून घेतलेल्याचा गुडघा साठीत दुखू लागला, तर शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. तिने मधली वर्षे मिळवून दिली.

करकरणारा खुबा

चार्नली मात्र तोवर खुब्याकडे वळले होते. त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. हालचाल केली की तो करकरायचा. जेवणाच्या टेबलावर पुढे झुकले की आवाज, आणि त्या आवाजाने त्याची बायको वैतागलेली. इतरांनी हसण्यावारी नेले असते. चार्नलींना त्यात घर्षण ऐकू आले. घर्षण जास्त म्हणजे प्रत्येक हालचालीत गोळ्याला पिळा बसणार आणि तो हाडातून सैल होणार.

निरोगी सांधा किती गुळगुळीत असतो, हे त्यांनी प्रयोग करून मोजले. बर्फावर बर्फ सरकतो त्याहूनही कमी घर्षण. कृत्रिम सांध्यात नैसर्गिक वंगण टिकणार नाही, तेव्हा पदार्थच निसरडा हवा, असे त्यांनी ठरवले. सर्वांत निसरडे म्हणून माहीत असलेले प्लॅस्टिक होते टेफ्लॉन, आज तव्यांवर असते तेच. खुब्याच्या खोबणीत टेफ्लॉनची वाटी आणि मांडीच्या हाडात धातूचा लहान गोळा.

धातूचा दांडा हाडात घट्ट बसवायचा कसा, हा प्रश्न मँचेस्टरच्या दंतवैद्यक शाखेतील डेनिस स्मिथ यांच्या मदतीने सुटला. कवळीसाठी वापरले जाणारे अ‍ॅक्रिलिक त्यांनी सुचवले. हे हाडांचे सिमेंट चिकटवत नाही. फरशी बसवताना खालची प्रत्येक पोकळी मसाल्याने भरून निघते आणि भार सगळीकडे सारखा जातो, तसे ते काम करते. आज गुडघा बदलतानाही बहुतेक वेळा हेच सिमेंट वापरतात.

तीनशे रुग्ण आणि एक चूक

1958 पासून टेफ्लॉनचे खुबे बसू लागले. निकाल थक्क करणारे होते. कुबड्यांवर आलेली माणसे चालत घरी जात होती. साधारण तीनशे रुग्ण झाले.

मग दोन-तीन वर्षांत वाट्या झिजू लागल्या. धातूचा गोळा प्लॅस्टिकमध्ये खोल रुतत चालला होता आणि झिजलेल्या भुकटीने भोवतीच्या पेशी खवळून हाड खाल्ले जात होते. एका पाठोपाठ एक रुग्ण दुखत्या खुब्यांसह परत येऊ लागले.

इथे चार्नली जे वागले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी दोष रुग्णांवर ढकलला नाही, आकडे झाकले नाहीत. परत आलेल्यांच्या खुब्यांतून टेफ्लॉन काढण्याचे किचकट काम ते स्वतः करत राहिले. पहिल्यापेक्षा दुसरी शस्त्रक्रिया किती अवघड असते, हाड किती कमी उरलेले असते, हे त्यांनी रोज टेबलावर पाहिले. टेफ्लॉनचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. काही महिन्यांनी तिथे गाठी हाताला लागू लागल्या. शरीर हा पदार्थ सहन करत नाही याचा पुरावा आता त्यांच्याच अंगात होता, आणि तो त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापून टाकला.

नवी वाट मिळाली ती गिरण्यांमुळे. मे 1962 मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनमध्ये एका नव्या, जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. मागांच्या गिअरसाठी लँकेशायरच्या कापड उद्योगात ते वापरले जात होते. इचलकरंजीच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकलेल्याला कळेल, की तिथे टिकणारा पदार्थ किती चिवट असेल. चार्नलींनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि हे कामाचे नाही म्हणून बाजूला सारले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी परिषदेला गेलेले असताना तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर लावून ठेवला. यंत्र दिवसरात्र चालू. तीन आठवड्यांनंतरही झीज नगण्य होती. चार्नली परत आले, यंत्र पाहिले आणि आपले मत बदलले. या शोधातला क्रेव्हन यांचा वाटा खरे तर अधिक लोकांना माहीत असायला हवा.

नोव्हेंबर 1962 मध्ये पॉलिथिलीनची पहिली वाटी बसवली गेली. या वेळी चार्नलींनी घाई केली नाही. हा सांधा कोणत्याही सर्जनला सरसकट विकू नये, राइटिंग्टनमध्ये येऊन पद्धत शिकलेल्यालाच तो मिळावा, अशी अट त्यांनी अनेक वर्षे उत्पादकावर घातली. धंद्याच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार होता.

स्वच्छ हवा आणि जुनी कागदपत्रे

संसर्ग ही दुसरी काळजी. सुरुवातीला त्यांच्या शंभरातल्या सात ते नऊ रुग्णांना संसर्ग होत असे. नव्या सांध्यात जंतू शिरले तर बहुधा सांधा काढावाच लागतो. चार्नलींनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती छोटी बंदिस्त खोली उभारली आणि वरून गाळलेली हवा सतत खाली सोडली. गिरण्यांची हवा खेळती ठेवणाऱ्या हॉवर्थ कंपनीने त्यासाठी मदत केली. सर्जनच्या अंगावर पूर्ण झाकणारा पोशाख, त्याचा श्वास नळीने बाहेर. संसर्ग एक टक्क्याच्या खाली आला. आजच्या मोठ्या रुग्णालयांतील लॅमिनार फ्लोची शस्त्रक्रियागृहे याच खोलीची पुढची पिढी.

प्रत्येक रुग्णाची नोंद, प्रत्येक वर्षीचा एक्स-रे ते जपून ठेवत. मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी काढू द्यावा, अशी विनंतीही ते रुग्णांना करत आणि अनेकांनी ती मान्य केली. वाटी दहा वर्षांत नेमकी किती झिजली हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

पुन्हा गुडघ्याकडे

खुबा म्हणजे खोबणीतला गोळा. गुडघा तसा नाही. तो वाकतो, सरकतो, थोडा फिरतोही, आणि त्याला स्थिर ठेवतात ते अस्थिबंध. आधी इंजिनिअरिंग शिकून मग डॉक्टर झालेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन राइटिंग्टनमध्ये काम करत होते. 1968 मध्ये त्यांनी चार्नलींचेच धातू, पॉलिथिलीन आणि सिमेंट घेऊन गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवला. चार्नलींनीही पुढे स्वतःचा गुडघा तयार केला, पण त्याला खुब्याइतके यश आले नाही.

आजच्या गुडघ्यांचा थेट पूर्वज 1974 मध्ये न्यूयॉर्कला आला. जॉन इन्सॉल, इंजिनिअर पीटर वॉकर आणि इंदूरला वैद्यकशास्त्र शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांच्या गटाने तो बनवला. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली ती ऑक्टोबर 2000 आणि जून 2001 मध्ये. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच डॉ. राणावत यांनी बदलले.

आधी एचटीओ झाली असेल तर काय वेगळे असते?

थोडक्यात उत्तर असे, की अशा गुडघ्यावर नवा सांधा बसतो. बहुतेक रुग्णांचे दुखणे कमी होते आणि चालणेही पहिल्यांदाच गुडघा बदललेल्यांच्या जवळपास येते. मात्र शस्त्रक्रिया जास्त अवघड असते, वेळ जास्त लागतो आणि काही अभ्यासांत नंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसले आहे.

अडचण कुठे येते ते समजून घेतले, तर डॉक्टरांशी बोलणे सोपे जाते. जुनी प्लेट आणि स्क्रू नव्या सांध्याच्या वाटेत येतात, ते काढावे लागतात. कधी त्याच वेळी, कधी काही आठवडे आधी वेगळ्या शस्त्रक्रियेत. जुन्या धातूभोवती जंतू दबा धरून बसलेले नाहीत ना, यासाठी रक्ताच्या तपासण्या होतात आणि शंका आल्यास सांध्यातले पाणीही तपासतात. त्वचेवरचा जुना व्रण महत्त्वाचा. त्याला समांतर आणि फार जवळ नवी चीर दिली, तर मधल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. काही रुग्णांत गुडघ्याची वाटी खाली ओढली गेलेली असते आणि तिच्या खालचा कंडरा आखडलेला असतो, त्यामुळे सांधा उघडतानाच कसरत होते.

सर्वांत मोठा प्रश्न हाडाच्या आकाराचा. एकदा कापून जुळवलेल्या नडगीचा वरचा भाग खालच्या दांड्याच्या बरोबर मध्यावर राहिलेला नसतो, मागच्या बाजूचा उतारही बदललेला असतो. नेहमीचा सुटा भाग तिथे नीट बसत नाही. कधी लांब दांड्याचा, कधी दांडा बाजूला सरकवलेला भाग लागतो. एचटीओमध्ये कोन गरजेपेक्षा जास्त बदललेला असेल, तर अस्थिबंधांचा ताण दोन्ही बाजूंना सारखा करणे आणखी जिकिरीचे. म्हणून संपूर्ण पायाचा उभ्याने काढलेला लांब एक्स-रे शस्त्रक्रियेआधी लागतोच.

रुग्णाने करायची गोष्ट साधी आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे शोधून काढायचे. कोणत्या कंपनीची प्लेट, किती स्क्रू, हे कळले तर ते काढायचे नेमके अवजार आधीच मागवता येते. ते हाताशी नसेल, तर अडकलेला एक स्क्रू तासभर खातो. सर्जनला एक प्रश्न जरूर विचारावा : एचटीओ झालेले गुडघे त्यांनी याआधी बदलले आहेत का? आणि आज ज्यांना एचटीओ सुचवली जात आहे, त्यांनीही चीर कुठे येणार आणि कोन किती बदलणार हे विचारून घ्यावे. पुढच्या सर्जनला त्याच वाटेने जायचे आहे.

चार्नलींची शेवटची वर्षे

मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्रींनी चार्नलींची पद्धत आत्मसात केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेले खुब्याचे पहिले रोपण 1969 मध्ये केले ते त्यांनीच. हाड सरळ करणारी शस्त्रक्रिया आणि सांधा बदलणारी शस्त्रक्रिया अशी एकाच माणसाच्या हातात आली.

चार्नलींना 1974 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, 1975 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि 1977 मध्ये ‘सर’ झाले. खुब्यावरचा सारा अनुभव त्यांनी 1979 मध्ये पुस्तकात मांडला. त्यात फसलेल्या टेफ्लॉनचाही हिशेब आहे. 5 ऑगस्ट 1982 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी बसवलेल्या खुब्यांच्या नोंदी राइटिंग्टनमधील त्यांचे सहकारी त्यानंतरही वर्षानुवर्षे पुढे लिहीत राहिले.